मानेवरचा मळ

भोपाळच्या कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरांमध्ये शालिनीबाई उमरेडकरांच्या दारात उभं राहिलं की माणूस बेल दाबायच्या आधी स्वतःच्या टाचा बघायचा. आतली फरशी अशी लखलखीत, की तिच्यावर पाय ठेवायची चोरी. शेजारच्या तिवारीभाभी तर साऱ्या ब्लॉकला सांगत सुटायच्या, "उमरेडकर भाभी के यहाँ मक्खी भी पाँव पोंछ के आती है." हे शालिनीबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांना रागच आला. घरात माशी येते, असं म्हटल्याचा.

वर्ध्याहून लग्न होऊन त्या भोपाळला आल्या तेव्हा नवरा कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये होता. मोठाल्या मोटरींसाठी तांब्याची वेटोळी तयार करायची, त्यांवर पट्ट्या गुंडाळायच्या, मग ती वार्निशात बुडवून काढायची, हे सुभाष उमरेडकरांचं काम. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि त्यातला एक काळवंडलेला, वार्निशाच्या वासाचा माणूस शालिनीबाईंच्या वाट्याला येई. त्याला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. मागच्या अंगणात नळ होता, नळापाशी पाट, आणि पाटाशेजारी कारखान्यातून मिळालेला साबण. तिथे बसवून त्या नवऱ्याची मान, कान, कोपरं घासून काढत, आणि घासता घासता दिवसभराचं सगळं सांगून टाकत. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या नळापाशी झालं असेल. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन इंदूरला गेली, तरी हा रिवाज चालूच होता.

मग उमरेडकरांना बढती मिळाली आणि त्यांची रवानगी प्लॅनिंग ऑफिसात झाली. फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा, टेबलावर काच, अंगात पांढरा शर्ट. सायकल अडगळीच्या खोलीत गेली आणि दारात स्कूटर आली. शालिनीबाईंना आकाश ठेंगणं झालं, कारण शर्टाची कॉलर आता संध्याकाळीही पांढरीच राहायची. उमरेडकरांचं मात्र मन तिथे रमेना. जेवणाच्या सुट्टीत ते हळूच वाइंडिंग शॉपमध्ये जाऊन उभे राहत आणि कोणी नवखा पट्टी वाकडी गुंडाळताना दिसला की त्यांचे हात शिवशिवत. पण पांढऱ्या शर्टाने वार्निशाला हात कसा लावायचा?

अंगाला मात्र ऑफिस चांगलंच मानवलं. पट्ट्याला भोक वाढवावं लागलं, पुढे पट्टाच नवा आला. रविवारी सकाळी बरखेड्याच्या बाजारातून पोहे-जलेबी यायची. पोहे खायचे आणि वर गरम जलेबी, ही भोपाळची रीत उमरेडकरांनी मनापासून उचलली होती. नागपूरकडचे पाहुणे आले आणि "पोह्यांवर तर्री नाही?" म्हणाले, तर हे त्यांच्यापुढे जलेबीचा पुडा सारत. दुपारी जेवण झालं की पेपर तोंडावर घेऊन जी झोप लागे, ती स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी मोडत नसे. मानेवर बारीक बारीक चामखिळी आल्या होत्या, त्या शालिनीबाईंनी दोऱ्याने बांधून पाडायचा उद्योगही करून पाहिला. एकूण हे सगळं त्या समाधानानेच बघत. खाऊनपिऊन सुखी असलेला नवरा असाच दिसायचा, अशी त्यांची समजूत होती.

खटकत होती ती फक्त मान. मागच्या बाजूला, कॉलरच्या जरा वर, एक काळपट पट्टा उमटला होता. हात लावला तर जाडसर, मऊ, मखमलीसारखा.

"हा मळ आणता तरी कुठून तुम्ही? ऑफिसात मानेने टेबलं पुसता का?"

"मळ म्हणू नकोस त्याला," उमरेडकर छाती पुढे काढून म्हणत. "वाइंडिंग शॉपचं वार्निश आहे ते. इतक्या वर्षांचं अंगात मुरलंय. एका आंघोळीत जाईल होय?"

त्यांना त्या पट्ट्याचा चक्क अभिमान होता. ऑफिसात नव्याने लागलेल्या इंजिनिअरांना ते कॉलर खाली ओढून दाखवत आणि म्हणत, "ये देखो, शॉप की निशानी." म्हणजे बायकोच्या लेखी तो मळ आणि नवऱ्याच्या लेखी ते पदक. दोघांनाही उत्तर मिळालेलं होतं, मग तिसऱ्या कोणाला विचारायचं कशाला? एकदा उत्तर सापडलं की माणूस किती निवांत होतो, नाही?

त्या वर्षीच्या दिवाळीत शालिनीबाईंनी मनावर घेतलं. पाडव्याच्या पहाटे नवऱ्याला तेल लावून, उटणं लावून न्हाऊ घालायचं, मग ओवाळायचं, हे त्यांच्याकडे दरवर्षीचं. त्या दिवशी पाटाभोवती रांगोळी निघाली, तेल कोमट झालं, उटण्यात दूध पडलं. आणि मग उमरेडकर डोळे मिटून सुखात बसलेले असताना शालिनीबाईंनी हळूच टाचा घासायची वजरी उचलली.

"अगं, अगं! मान आहे ती, तवा नव्हे!"

"हलू नका. निघतोय."

निघत काहीच नव्हतं, कातडं सोडून. ओवाळायच्या वेळेपर्यंत मान लालभडक झाली. भाऊबीजेला मुलगी-जावई येऊन गेले, त्यांच्यासमोर उमरेडकर खांद्यावर टॉवेल टाकून बसले होते. ऑफिस उघडलं तेव्हा कॉलरचं बटण लावताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शालिनीबाईच म्हणाल्या, "चला, दवाखान्यात जाऊ. मलम तरी लावून आणू." एकट्याने जायचं म्हटलं असतं तर उमरेडकर कारखान्यात काही लागलं असं सांगून मोकळे झाले असते. म्हणून त्या सोबत गेल्या.

टाउनशिपच्या दवाखान्यात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मान बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ये किसने घिसा?"

"मैंने," शालिनीबाई ताठ मानेने म्हणाल्या. "मळ था. निकलताच नहीं है."

"आंटी, ये मैल है ही नहीं. आप साल भर घिसिए, तब भी नहीं जाएगा."

मग डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलंच, पण खुर्ची पुढे ओढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे कधीपासून आहे? काखेतही असंच आहे का? वजन वाढलंय का? जेवल्यावर सुस्ती येते? तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना उमरेडकर नाही म्हणाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना बरं वाटलेलं दिसलं. चालता किती, असं विचारल्यावर ते म्हणाले, "स्कूटर तक." शेवटी त्यांनी घरात कोणाला शुगर आहे का ते विचारलं.

"पिताजी को थी," उमरेडकर सहज म्हणाले.



डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला शरीराला जास्त जोर लावावा लागला की कधी कधी मानेवर, काखेत असा काळपट पट्टा येतो, चामखिळी येतात. नेहमी तेच कारण असतं असं नाही, म्हणून तपासून घेऊ. पण कमरेचा घेर, वडिलांचा आजार आणि ही मान, एवढं सगळं एका खुर्चीत येऊन बसलंय, तेव्हा टाळू नका. ऐकता ऐकता शालिनीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, कॉलर स्वच्छ असायची," त्या नवऱ्याकडे वळून मराठीतच म्हणाल्या. "मळ असता तर कॉलरला लागला नसता का? इतकी वर्षं मी कॉलरी धुतेय आणि मला दिसलं नाही."

उपाशीपोटी रक्त दिलं, साखरेचं पाणी पिऊन दोन तास बाकावर बसून पुन्हा दिलं. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंकल, शुगर हुई नहीं है. होने के रास्ते पे है. यहाँ से ज़्यादातर लोग लौट सकते हैं, अगर लौटना चाहें तो."

उमरेडकरांनी त्यातलं "हुई नहीं है" एवढंच ऐकलं आणि बाहेर येऊन स्कूटरला किक मारली. शालिनीबाईंनी "रास्ते पे है" एवढंच ऐकलं. त्यांना तो रस्ता ठाऊक होता. त्याचं शेवटचं टोक त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतलं होतं. सासऱ्यांचा आधी अंगठा गेला होता, मग पाय, आणि मग महिन्याभरात सासरेच गेले. उमरेडकरांना तेव्हा रजा मिळत नव्हती, म्हणून पोरीला घेऊन शालिनीबाई वर्ध्याला जाऊन राहिल्या होत्या. त्या रस्त्याला अशी सुरुवात असते आणि ती सुरुवात आपल्याच अंगणात पाटावर बसलेली असते, हे मात्र त्यांना आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. फरशीवर जी धडाडी खर्च होत होती ती सगळी आता नवऱ्याच्या ताटावर आली. भाताचा डोंगर जाऊन मूठभर भात राहिला, ज्वारीची भाकरी आली, पालेभाजी वाढली, चहातली साखर आधी अर्धी झाली आणि मग गायबच. रविवारच्या पुड्यात नुसते पोहे येऊ लागले. संध्याकाळी शालिनीबाई पायात कॅनव्हासचे बूट चढवून नवऱ्याला फिरायला काढत. साडीवर बूट बघून तिवारीभाभींनी विचारलं, "भाभी, फौज में भर्ती हो गईं क्या?" शालिनीबाई म्हणाल्या, "हो, और ये मेरे जवान." जवान मागून पाय ओढत येत होते.

नवरा इतका शहाण्यासारखा वागतोय याचं त्यांना आधी कौतुक वाटलं, मग शंका आली. पुरावा मिळाला तो कपडे धुताना. पँटच्या खिशातला रुमाल पाण्यात टाकला तर बोटांना चिकट लागला. त्यांनी वास घेतला, प्रकाशात धरला. पाक. जलेबीचा, केशरी रंगाचा.

संध्याकाळी उमरेडकर घरात शिरले तर समोर टेबलावर तो रुमाल घडी घालून ठेवलेला.

"गेटबाहेर एक जण गरम काढतो," ते ओशाळून म्हणाले. "एखाद-दुसरीच घेतो गं. डॉक्टर म्हणाली ना, शुगर नाही म्हणून. तू उगाच राईचा पर्वत करतेस. बाबांनाही होती, इतकी वर्षं जगलेच की ते."

शालिनीबाई एरवी नवऱ्यावर तोंडसुख घेण्यात कमी पडत नसत. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा? तुम्हाला पत्र यायचं, बाबांची तब्येत बरी आहे. ते पत्र मीच लिहायची. बाबा सांगायचे तसं लिहायची. पायाची पट्टी मी सोडायची. आत काय होतं ते तुम्ही बघितलं नाहीत. मी दार लावून घ्यायची, पोरीला वास जाऊ नये म्हणून. बाबा मला म्हणायचे, सूनबाई, तुला हे करावं लागतंय, मी मेलो तर बरं. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर लाजून रडायचा." "मी कशालाही भीत नाही हो. पण ती पट्टी मला पुन्हा सोडायची नाहीये. तुमच्या पायाची तर नाहीच."

उमरेडकर उभेच होते. पाय कापल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण बापाचे ते दिवस कसे गेले हे इतक्या वर्षांनी आज कळत होतं. ते मागच्या अंगणात जाऊन नळापाशी पाटावर बसले. शालिनीबाईंनी आतून पाहिलं, ते डोळे पुसत होते. त्यांना वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडगळीच्या खोलीत खुडबूड झाली आणि सायकल बाहेर आली. बाजारात नेऊन तिला नवे टायर घातले. पांढऱ्या शर्टातले उमरेडकर पँटला क्लिप लावून भोंग्याच्या आधी निघाले तेव्हा रस्त्यात लोकांनी छेडलंच, "क्या साब, पेट्रोल महँगा हो गया?" ते घंटी वाजवत म्हणाले, "नहीं भाई, बीवी महँगी हो गई." हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि पुष्कळ दिवसांनी ते घर हसलं.

थंडी गेली, होळी गेली. कमरेचा पट्टा मागच्या भोकांवर आला. दुपारची ती मेल्यासारखी झोप गेली, पेपर वाचून पूर्ण व्हायला लागला. नवऱ्याची गाडी अशी रुळावर आली, पण घरात एक अडचण राहिलीच होती. टाउनशिप म्हटली की मिठाईचे डबे. कोणाचं प्रमोशन झालं, डबा. कोणाचा मुलगा बँकेत लागला, डबा. बदली झाली तरी डबा, रद्द झाली तर मोठा डबा. नाही म्हणावं तर लोकांना वाईट वाटतं. उमरेडकरांना द्यायचा प्रश्नच नव्हता. आणि अन्न टाकणं शालिनीबाईंच्या रक्तात नव्हतं. मग त्या ओट्याशी उभ्या राहून, भांडी आवरता आवरता, एक तुकडा तोंडात टाकत. वाया नको जायला. नवऱ्याच्या ताटातून काढलेला भात असे, सवयीने जास्त झालेला शिरा असे, तोही तिथेच संपे. संध्याकाळी पाय जड व्हायचे, डोळ्यांवर झापड यायची. त्या म्हणत, चालण्याने दमायला होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून खुर्चीतून उठल्याच. "अंकल, नॉर्मल! कमाल कर दी." मान बघितली, पट्टा बराच फिकट झाला होता. उमरेडकरांचा चेहरा असा फुलला, जणू कारखान्याने त्यांना परत शॉपमध्ये घेतलं. शालिनीबाईंनी तिथल्या तिथे डोळे मिटून हात जोडले.

"और आंटी, आपकी जाँच कब हुई थी?"

"मेरी क्या जाँच?" शालिनीबाई हसल्या. त्यांनी अंबाडा वर उचलला आणि पाठ फिरवली. "ये देखो मेरी गर्दन." मान आरशासारखी स्वच्छ होती.

"गर्दन सबकी नहीं बोलती, आंटी. बहुतों को तो कुछ भी पता नहीं चलता. आ ही गई हैं तो करा लीजिए."

नवऱ्याच्या रिपोर्टच्या काळजीत त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"आप भी उसी रास्ते पे हैं. अंकल जहाँ थे, उससे थोड़ा आगे." मग त्या गोंधळून म्हणाल्या, "पर खाना तो घर में एक ही बनता है न? घूमने भी साथ जाती हैं. मिठाई तो आपने बंद कर दी थी?"

"बिलकुल बंद," उमरेडकर अभिमानाने म्हणाले. "इतने डिब्बे आते थे, मुझे एक टुकड़ा नहीं दिया."

"तो वो डिब्बे जाते कहाँ थे?"

शालिनीबाई पदराच्या टोकाकडे बघत राहिल्या. "फेकते थोड़ी," त्या म्हणाल्या.

उमरेडकर खो खो हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. मग उमरेडकरांचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं.

घरी येताना शालिनीबाईंच्या डोक्यात हिशेब चालू होता. सासऱ्यांचं त्यांनी केलं होतं. नवऱ्यावर वेळ आली असती तर तेही रडत-ओरडत केलं असतं. पण दार लावून आपली पट्टी कोण सोडणार, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. आयुष्यभर कशालाही न भिणारी बाई आपल्याच घराच्या कुलपात किल्ली उलटी घालू लागली. उमरेडकरांनी किल्ली तिच्या हातातून घेतली.

ओट्यावर तिवारीभाभींच्या नातवाच्या बारशाचा डबा होता. उमरेडकरांनी तो उघडून बघितला, झाकण लावलं आणि काखोटीला मारला.

"कुठे नेताय?"

"शॉपमध्ये. पुष्कळ पोरं आहेत तिथे, एकेक तुकडाही वाट्याला येणार नाही." ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "शालिनी, यापुढे या घरात काय उरलं ते मी बघेन. तू उरलंसुरलं संपवायला आलेली नाहीस इथे."

ते परत आले तेव्हा शालिनीबाईंनी भाकऱ्या टाकल्या होत्या. त्या त्यांचं ताट वाढू लागल्या, तर उमरेडकरांनी मांडणीवरून दुसरं ताट काढून शेजारी ठेवलं. भाकरी, मेथीची भाजी, काकडी, वाटीत ताक, सगळं त्यांनीच वाढलं. भाजी थोडी सांडलीही. शालिनीबाईंचा हात फडक्याकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तव्यावरून उतरलेली भाकरी त्यांच्या ताटात वाफाळत असताना त्या कधी खाली बसल्या नव्हत्या. घास हातात घेऊन त्या तशाच थांबल्या, डोळ्यांत पाणी आल्यामुळे ताट दिसेना.

"जेव," उमरेडकर म्हणाले. "गरम आहे तोवर जेव."